तलावातून मी नेलेला दगड

वाघ बघायचा नाही, असं नातीने आधीच बजावलं होतं. पुण्याहून दोन दिवसांसाठी आली आणि म्हणाली, "आबा, तुमचं चंद्रपूर दाखवा. जिथे कुणी जात नाही तेवढंच." मी खूश झालो. परकोटाच्या, शहराभोवतीच्या जुन्या तटाच्या खिडक्या, म्हणजे मोठ्या वेशींच्या मधले छोटे दरवाजे, आम्ही पायी फिरून पाहिल्या. एकीच्या आडोशाला कुणी धुणं वाळत घातलं होतं. लालपेठेत उघड्यावर पडलेल्या दगडी मूर्तींपाशी ती तासभर बसली. मग फोनमध्ये बघून म्हणाली, "एका बागेत वीरगळ आहे म्हणे. चला."

"त्यात काय बघायचंय?" पाय दुखतात, भूक लागली, असं सगळं सांगून पाहिलं. शेवटी गेलोच.

पाण्याच्या नळाशेजारी तो उभा होता. ढाल-तलवार घेतलेला वीर, वर चंद्रसूर्य. पाटीवर लिहिलं होतं, पडीक जागेत सापडला. ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. नातीला मी तिथेच सगळं सांगितलं.

तरुणपणी मी इथल्याच एका खेड्यात मास्तर होतो. हा दगड तिथल्या तलावात रोवलेला होता. धानाला पाणी सोडायचं ते वीराचे गुडघे उघडे पडेपर्यंत. मग बंद. उरलेलं पाणी मासळीचं. शेतकरी आणि मासे धरणारे ढिवर दोघंही हे पाळत, कागद कुठलाच नव्हता. एका उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा मी एका ढिवराकडे त्याची बैलगाडी मागितली.

"गुरुजी, हा पाण्याचा निशाण आहे जी," तो म्हणाला.

शहरात जुन्या मूर्ती जमवणाऱ्या शाळाखात्याच्या साहेबांना दाखवून आठ दिवसांत परत आणतो, असं मी सांगितलं. माझ्या शब्दावर त्याने दगड उपटून गाडीत घातला.

साहेबांनी पाठ थोपटली. तलावातला म्हटलं असतं, तर परत ठेवून या म्हणाले असते. म्हणून मी पडीक जागा सांगितली. दगड शहरात राहिला, माझी बदली झाली. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी तळापर्यंत पाणी घेतलं, मासळी उरली नाही. गाडी कुणाची होती हे गावाने पाहिलं होतं. दगड त्यानेच विकला, असं ठरलं. तो ढिवर माझ्या नव्या शाळेत आला. "एकडाव येऊन लोकायले सांगा ना, गुरुजी." येतो म्हणालो. गेलो नाही.

नातीने पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "माझी गाडी उद्या संध्याकाळी आहे. सकाळी त्या गावी जाऊन येऊ."

तो ढिवर आता हयात नाही. त्याची सून अंगणात जाळं सांधत बसली होती. मी बोलायला लागलो तर तिने मधेच तोडलं.

"मले काऊन सांगता? मले माहीतच आहे. बुढा मरेपर्यंत हेच सांगत होता, कोणी ऐकलं नाई. थे पारावर बसून राह्यले ना, त्यायले सांगा." मग नातीकडे बघून म्हणाली, "तू संगं आली, बरं केलं बाई. एकटे असते तं वाटेतूनच पलटले असते."

पारावर मासेमारी करणारे पाचसहा जण होते. मी उभं राहून सांगितलं. माझ्याच वयाचा एक जण जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन साल त्याले जाळं टाकू नाई देल्लं आमी. त्याचं काय करता आता, गुरुजी?"

त्यानेच सरकून जागा केली. "बसा. ऊन आहे."

"लिहून द्या," दुसरा म्हणाला. "नाई तं उद्या लोक म्हणतीन, मास्तर म्हातारा झाला, बरळला."

नातीच्या वहीतलं पान घेऊन लिहिलं. इथे, ही हकीकत सांगताना, मी कुणाचं नाव दिलेलं नाही. त्या कागदावर त्या ढिवराचं आणि माझं, दोन्ही नावं पूर्ण आहेत. दगड गावाला परत द्यावा म्हणून अर्जही केला आहे. त्याचं काय होईल, ठाऊक नाही.

पारावर मी लिहून होईपर्यंत सून मागे येऊन उभी राहिली होती. तिने कागद हातात घेतला, ओठ हलवत हळूहळू वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, माझ्याकडून चूक झाली.

"चूक नाई जी," ती म्हणाली. "खोटं बोललो, असं लिहा."

मी ती ओळ खोडली आणि तसं लिहिलं.