साडूपेक्षा हातभर लांब

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी इमारत 'कुशन' म्हणते. मी कुशनभाऊजी म्हणते, कारण तोंडावर नुसतं कुशन म्हणायला लाज वाटते. पाठीमागे वाटत नाही. मोटारींच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. कुणाची सीट फाटली, कुणाच्या कमरेला मागून टेकू हवा, की गिऱ्हाईक त्यांच्या गाळ्यात हजर. आलेल्या माणसाचं तोंड ते नंतर बघतात, आधी तो बसतो कसा ते बघतात. माझ्याबद्दल त्यांचं मत असं, की मी डाव्या बाजूवर जास्त भार टाकते. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझी केलेली ही एकमेव चौकशी.

त्यांच्या स्वतःच्या घरातल्या सोफ्याची स्प्रिंग मात्र वर आलेली आहे. ती नेमकी कुठे आहे हे पाहुण्याला दारातच सांगावं लागतं. बायको म्हणते, "गावभर गाद्या घालत फिरतात, घरी आले की हात दुखतात."

तर अशा ह्या माणसाला आयुष्यात एकच चैन होती. रविवारी सकाळी सासऱ्यांबरोबर गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकून बसायचं. सासरे म्हणजे बाबा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. बोलणं इतकं कमी, की पोटच्या मुलींनाही त्यांचा आवाज फोनवर ओळखायला वेळ लागतो. पण जावयाशी बोलायचे. काय बोलायचे देव जाणे! घरी आल्यावर बायकोनं विचारलं, तर भाऊजी नुसते "असंच" म्हणायचे आणि गालातल्या गालात हसायचे. स्वतःचे वडील त्यांना आठवतही नाहीत. लहानपणीच गेले. त्यामुळे हा म्हातारा आपल्याला बायकोबरोबर मिळाला नसून बायकोच म्हाताऱ्याबरोबर मिळाली, असा त्यांचा एकूण हिशेब.

आणि मग साडू बदली होऊन ह्या गावात आला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विम्याच्या धंद्यात. दात पांढरे, बूट पांढरे, बोलणं लोण्यासारखं. त्याला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सासऱ्यांना आवडतं म्हटल्यावर त्यानं गळ नाही घेतला, थेट कयाक घेतली. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची सडपातळ होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं मारत चालवायची. हिच्यात बसत नाहीत, हिच्यावर बसतात. साडूची दोन माणसांची होती, पिवळीजर्द.

त्या रविवारी भाऊजी तळ्यावर पोचले, तर बाबा नेहमीच्या जागी नाहीत. शोधलं तर तळ्याच्या मध्यावर, लाइफ जॅकेट घालून, साडूच्या पुढ्यात.

"माझ्या डोळ्यांदेखत घेऊन गेला हो!" ते जिन्यात मला म्हणाले. पळवून नेलेल्या नवरीबद्दल बोलावं तसं.

"मग तुम्हाला किती मासे लागले, भाऊजी?"

"मासे काठाला उरलेत कुठे? सगळे त्याच्या बोटीमागे गेले." मग दोन पायऱ्या चढून परत वळले. "बाबांनी मला हात केला, वहिनी. लांबून. पाहुण्याला करतात तसा."

मी हसणार होते, पण त्यांचं तोंड बघून हसू गिळलं. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगताना हसले.

पुढचे सगळे रविवार तेच. बाबा तळ्यात, भाऊजी काठावर. घरात पोळी वाढली तरी "तळ्यात ऊन लागत असेल नाही?" असं काहीतरी बोलायचे. साडूचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड. शेवटी एकदा सकाळीच बायकोला म्हणाले, "चल, बोट बघायला." बायकोनं मला हाक मारली. न मारती तरी मी गेलेच असते.

दुकान तळ्याच्या रस्त्यालाच होतं. बोटवाल्या बाई उन्हानं रापलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी रीतसर विचारलं, "तळ्यात घालणार की वाहत्या पाण्यात? एकटे बसणार की दोघं? वजन किती दोघांचं? गाडीच्या टपावर कोण चढवणार?"

भाऊजी म्हणाले, "पिवळी कोणती नेली त्यानं?"

बाईंनी दाखवली. ऐसपैस, रुंद, मधे सपाट. "मासे धरायला हीच घ्या. डुलत नाही. गळ टाकताना उभं राहिलं तरी चालतं."

"ह्याहून लांब कोणती?"

"लांब आहे ना, ती हिरवी. पण अरुंद आहे. पळते चांगली, पण डोलते. तुम्हाला मासे धरायचेत की शर्यत लावायचीय?"

भाऊजी हिरवीच्या टोकापासून टोकापर्यंत चालत गेले, मग पिवळीच्या, आणि तोंडावर असं समाधान पसरलं, की त्यांची बायको मला कोपरानं ढोसून म्हणाली, "संपलं. हीच येणार घरी." हिरवी पिवळीपेक्षा हातभर लांब होती.

निघताना बाई म्हणाल्या, "एक ऐका. आधी नुसती पाण्यात घाला. बसा, हात कुठवर पोचतो बघा, मग सामान लावा. आणि तळाला आरपार भोकं आहेत ती बुजवू नका. आत आलेलं पाणी त्यातूनच जातं."

भाऊजींनी मान डोलावली. ही मान ते गिऱ्हाइकालाही डोलावतात, आणि मग स्वतःच्या मनासारखीच सीट शिवतात.

हिरवी आमच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात येऊन पडली. आमचे हे सकाळी दूध आणायला निघाले की हटकून तिला ठेचकाळायचे. संध्याकाळी गाळा बंद करून भाऊजी आले की ड्रिल सुरू. साडूच्या बोटीला गळाच्या दांड्या खोचायच्या खोबण्या दोन, म्हणून ह्यांच्या बोटीला चार. साडूचा नांगर हातानं टाकायचा, म्हणून ह्यांचा कप्पीवरून. साडूकडे मासे ठेवायला साधी बादली, ह्यांच्याकडे झाकणाचं खोकं, आणि झाकणाला आतून मऊ अस्तर.

"माशांना टोचू नये म्हणून का, भाऊजी?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं, वहिनी."

"मला एवढं कळतं," त्यांची बायको दारातून म्हणाली, "की माझ्या सोफ्याला अजून अस्तर नाही. त्यापेक्षा खरीखुरी सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिनं."

पण खरा जीव ओतला तो सीटवर. पुढची सीट, बाबांची. बोटीबरोबर आलेली प्लॅस्टिकची खुर्चीवजा फळी त्यांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवली, मेलेलं झुरळ धरावं तशी. मग फोमचे थर, खाली टणक, मधे बेताचा, वर मऊ. मरून रंगाचं पाण्यात न भिजणारं रेक्झिन. कडेनं पांढरा गोट, दुहेरी टाका. कमरेला टेकू, मानेला टेकू. मांडीखाली किंचित उंची, म्हणजे गुडघे दुखत नाहीत. एवढं सगळं करता करता सीट चांगली गुडघाभर उंच झाली.

व्हरांड्यातच सगळ्यांनी बसून बघितली. आमचे हे बसले ते उठेनात. खालच्या मजल्यावरचे शिक्षक बसल्या बसल्या पेंगले. मीही बसले, आणि खरं सांगते, कधी कुणी मला इतकं मानानं बसवलं नव्हतं. भाऊजी आमच्या चेहऱ्यांकडे न बघता आमच्या कमरेकडे बघत होते आणि खूश होते. मोटारीची सीट उंच केली तर मोटार कलंडत नाही. फरशीवर ठेवलेली बोटही कलंडत नाही. ती पाण्यात घालून बघायची बुद्धी इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही झाली नाही.

रविवारी आम्ही सगळे तळ्यावर. साडू आधीच पोचलेला, पिवळी पाण्याच्या कडेला लावलेली. त्यानं हिरवीकडे बघितलं, चार खोबण्या बघितल्या, सीट बघितली. पांढरे दात थोडे कमी दिसले. तेवढ्यावर भाऊजींच्या छातीत किती हवा भरली म्हणून सांगू!

"बाबा, आज माझ्याकडे," भाऊजी म्हणाले.

बाबा बसले. मागे टेकले. मान टेकवली. डोळे मिटले. आणि म्हणाले, "वा."

त्या म्हाताऱ्याच्या तोंडून असा आपणहून निघालेला शब्द त्याच्या मुलीनंही कधी ऐकला नसेल. तिनं माझा हात घट्ट धरला. भाऊजी मागे बसले, वल्ह्यानं काठाला रेटा दिला, आणि हिरवी सुळकन पुढे गेली. डौलात! मग बाबांना जावयाला काहीतरी सांगायचं होतं म्हणून ते जरा मागे वळले. उंच बसलेला माणूस, अरुंद बोट. हिरवी एकदा डावीकडे डुलली, एकदा उजवीकडे, आणि तिसऱ्यांदा डुलायच्या भानगडीत न पडता सरळ पालथी झाली.

पाणी कमरेइतकंच होतं, आणि दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतीच. आधी चार दांड्या वर आल्या, मग झाकणाचं खोकं, मग भाऊजी, आणि सगळ्यांत शेवटी बाबा, छातीशी सीट धरून. साडू पांढऱ्या बुटांसकट पाण्यात धावला. "बाबा, लागलं का? बाबा, मला धरा!"

बाबांनी त्याला धरलं नाही. सीटवरचं पाणी हातानं निपटलं, शिवण बघितली.

"जावईबापू," ते भाऊजींना म्हणाले, "सीट उत्तम झालीय. ती ह्याच्या बोटीत बसवा. त्याची रुंद आहे."

मी भाऊजींकडे बघितलंच नाही. एवढी दुष्ट मीही नाही.

त्यानंतर साडूशी अबोला. हिरवी व्हरांड्यात भिंतीला तोंड करून उभी केलेली, शिक्षा झाल्यासारखी. मला बायकोकडून सगळं कळत होतं.

"माझ्या हातची सीट, आणि त्याच्या बोटीत? त्यापेक्षा कापून उशा करतो."

"करा. सोफ्याला होतील."

"तो बसवेल त्यावर बाबांना आणि म्हणेल, बघा मी कसं नेतो!"

"मग नका देऊ. बाबा त्या प्लॅस्टिकवर बसतील आणि उतरताना कमरेला हात लावतील. मागच्या वेळी लावला होता, मी बघितला."

हे मात्र त्यांना लागलं. माणसाच्या कमरेपुढे त्यांचा राग टिकत नाही. दुसऱ्याच दिवशी गाळ्यातून सीट बुटकी होऊन आली. फोमचे थर काढलेले, टेकू तसाच. साडू पिवळी टपावर घालून आमच्या आवारात घेऊन आला. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं खाली.

भाऊजींनी पुढच्या जागी सीट ठेवली, पट्टे ओढले, आणि साडू वाकून बघतो तर सीटचं तोंड मागे.

"दादा, उलटी बसली का?"

"उलटी नाही, बरोबर आहे," भाऊजी स्क्रू पिळत म्हणाले. आवाज एखाद्या सर्जनसारखा. "बोट पुढे जाते, गळाची दोरी मागे ओढली जाते. मासा मागे लागणार. मग पुढे तोंड करून बसलेल्या माणसाला तो दिसणार कसा? दर वेळी मान वळवायची? ह्या वयात?"

साडूनं विचार केला. जन्मभर लोकांना मुद्दे पटवणाऱ्या माणसाला मुद्दा पटायला कितीसा वेळ लागतो! "खरंच की! माझ्या लक्षातच नाही आलं."

"नाही येत एकदम," भाऊजी म्हणाले. मी चिमटे पाडले आणि ते वेचायला खाली वाकले, कारण तोंड कुठेतरी लपवायला हवं होतं. मुद्दा खरा होता. पण त्या मुद्द्यासाठी ती सीट उलटी झाली नव्हती, हे मला आवारापलीकडूनही कळलं.

रविवारी ते उघड झालं. पिवळी निघाली. पुढे बाबा, मागे तोंड करून, राजासारखे. त्यांच्यासमोर साडू वल्हं मारतोय. आणि पिवळीच्या मागोमाग, थोडं अंतर ठेवून, हिरवी. चार खोबण्यांपैकी दोन रिकाम्या, बुडाखाली पातळशी गादी, बोट आता अजिबात डुलत नाही. बाबांना भाऊजी समोर दिसत होते, साडूच्या खांद्यावरून. बाबा मोठ्यानं काहीतरी बोलायचे, मागून भाऊजी उत्तर द्यायचे, आणि दोघांच्या मधे साडू घाम गाळत वल्हवत होता.

"बाबा, पुढे खडक आहे का हो?" साडूनं एकदा विचारलं.

"मला काय माहीत? मी मागे बघतोय," बाबा म्हणाले.

पाण्यावरून आवाज काठापर्यंत स्वच्छ येतो. भाऊजींची बायको आणि मी हसून लोळायच्या बाकी होतो.

त्या दिवशी भाऊजी जिना शीळ घालत चढले. आता हा माणूस सुधारला, असं मी आमच्या ह्यांना सांगितलंसुद्धा. पण पुढच्याच आठवड्यात साडूची बायको बहिणीला सांगून गेली, "आमचे हे फार खूश आहेत. बाबा हल्ली सगळा वेळ ह्यांच्या तोंडाकडे बघून हसत असतात."

झालं! संध्याकाळी बेल वाजली. भाऊजी दारात.

"वहिनी, तुम्ही काठावरून बघता. तुम्हाला बाजूनं नीट दिसतं. खरं सांगा, बाबा हसतात ते माझ्याकडे बघून की त्याच्याकडे?"

मी म्हटलं, "भाऊजी, तो तुमच्या दोघांच्या मधे बसलेला. तुमच्याकडे बघायचं तर त्याच्या तोंडावरूनच नजर जाणार."

"म्हणजे त्यालाही वाटत असेल, की माझ्याकडेच हसतात."

"वाटतंच आहे त्याला."

त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटानं माप घेतलं आणि हळूच म्हणाले, "सीट थोडी उजवीकडे सरकवली, तर तो मधे येणार नाही."

"आणि बोट कलंडली तर?"

"फार नाही हो सरकवत," भाऊजी म्हणाले. "बोटभर."