राऊटरची कवायत

रहिमतपूरला घरून काम करायला लागलो आणि मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. नेटचा वेग चांगला होता. पण आबा, म्हणजे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, जुन्या सोबत्यांना कुस्त्यांचे लांबलचक व्हिडिओ पाठवायचे. ते व्हिडिओ राऊटरच्या दारात गर्दी करायचे आणि माझा आवाज मागे ताटकळायचा.

राऊटरमध्ये एक सोय सापडली. ती चालू केली की मोठे व्हिडिओ जरा दमानं सुटतात आणि बोलणं आधी निघतं. ती आधी बंद ठेवून आणि मग चालू करून तपासायची, तर घरातल्या सगळ्यांनी एकदम नेट वापरायला हवं होतं.

"ते माझ्यावर सोड," आबा म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना मोबाईल घेऊन अंगणात उभं केलं. माझी बायको, आमचंच वायफाय वापरणारे शेजारचे चुलते आणि आई. आईनं शिराळ्याच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला होता.

"तयार! पाठवा!" आबा गरजले आणि व्हिडिओ एकदम सुटले.

लॅपटॉपवर आवाज किती उशिरा पोचतो ते दाखवणारा आकडा सरसर चढला. आईच्या मोबाईलवर मावशी तोंड उघडं ठेवून थिजली, मग कॉलच तुटला.

मी सोय चालू केली. आबांनी पुन्हा आरोळी ठोकली. या वेळी आकडा खालीच राहिला. मी टाळीच वाजवली.

"माझा व्हिडिओ रांगतोय," आबा म्हणाले.

"माझा बी," चुलते म्हणाले. "बंद कर रं ते."

मी कशालाही हात न लावता म्हणालो, "केलं बंद."

"आत्ता कसं! लय झ्याक!" चुलते म्हणाले. आबांनीही मान डोलावली.

दुपारनंतर मावशी पिशवी घेऊन दारात हजर. तिकडं थिजलेल्या चित्रात तिला आईचं तोंड वाकडं झालेलं दिसलं होतं, म्हणजे लकवाच. नंतर आईनं फोन करून आपण धडधाकट असल्याचं सांगितलं तरी तिला ते पटलं नव्हतं.

"आक्के, हात वर कर बघू. दोन्ही."

"अगं, मला काय झालंय?"

"दाजी, हिला दवाखान्यात नेलं का न्हाई?"

"आवं, परीक्षा चालू व्हती," आबा म्हणाले.

"माणसाचं तोंड वाकडं होईस्तोवर कसली परीक्षा?"

मावशीनं आईकडून दोन्ही हात वर करून घेतले, जीभ बाहेर काढायला लावली आणि मगच चहा घेतला.