संडासाची किल्ली

"मावशी, आत जाताच आहात तर जरा भांडं घासून घ्या. ब्रश दारामागं आहे."

असं म्हणत विरंगुळा केंद्राच्या सचिवांनी संडासाची किल्ली माझ्या हातात दिली. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. माझ्याहून मोठेच. तरी मी मावशी.

मी तिथं झाडायला नव्हते गेले. बैठकीला गेले होते. प्रभाग म्हाताऱ्यांना सोयीचा करायचा, म्हणून म्हाताऱ्यांनाच विचारायचं होतं म्हणे. आमच्या बौद्ध वस्तीत येऊन सचिवांनी हात जोडले, तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. बंगल्यातल्या माणसांनी चहाला बोलावलं की मी आधी काम विचारते. नाशिकच्या रस्त्यांवर तीस वर्षं महापालिकेचा झाडू मारलाय, माणसं ओळखता येतात. पण सून म्हणाली, "आई, तुम्ही नाय बोलल्या तर कोण बोलणार?" वस्तीपासून बाजारापर्यंत बायकांसाठी एक मुतारी नाही. शुगरवाल्या म्हाताऱ्या घराबाहेर पडायलाच घाबरतात. तेवढंच सांगायला गेले होते.

आणि सांगायला लाज वाटते, मी ब्रश उचलला. हाताची सवय. अर्धं भांडं घासून झालं तेव्हा बाहेरून बोलणं कानावर आलं.

"घासतेय वाटतं. बरं झालं, सवय असते त्यांना."

कुणीतरी हसलं. माझ्या अंगाची आग झाली. त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आणि एका शब्दावर मी पुन्हा ड्युटीवर!

ब्रश तिथंच टाकला. बाहेर येऊन पहिल्या रांगेत बसले. सचिवांनी टाईप केलेला कागद पुढं केला.

"मावशी, इथं अंगठा."

वाचला. वस्तीतल्या ज्येष्ठांशी चर्चा झाली, त्यांच्या काही मागण्या नाहीत. चर्चा अजून सुरूही झाली नव्हती.

"मला वाचता येतं," मी म्हटलं. "सहीपण येते. पण ह्याच्यावर करायची नाय."

"अहो, उगाच वाद कशाला? फोटो काढायचाय."

मी त्यांच्याच खिशातलं पेन मागितलं. शेवटच्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं, बायकांसाठी मुतारी, आणि ती साफ करायला पगारी माणूस. मग सही केली.

"असा कागद आम्हाला पुढं पाठवता येणार नाही," सचिव म्हणाले.

"नका पाठवू. मी नेते."

सोमवारी महापालिकेत जाणार आहे. तिथंही गोड बोलतील, बघतो म्हणतील. शिक्का मारलेली पोच मिळाल्याशिवाय मी उठणार नाही. माझ्या नावानं 'काही मागण्या नाहीत' असं पुन्हा कुणाला लिहू देणार नाही.