नवे साहेब घर कुठे घेणार?

आमची कंपनी बुडायला लागली आहे हे आम्हाला बिस्किटांवरून कळलं. चहाच्या मशीनशेजारच्या डब्यातून आधी क्रीमची बिस्किटं गेली, मग साधी आली, मग डबाच गेला. एचआरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "हेल्थसाठी." आमच्या तब्येतीची त्या कंपनीने घेतलेली ती पहिली आणि शेवटची काळजी.

महाप्याला एका काचेच्या इमारतीत आमचा मजला होता. कंटेनर यार्डांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो: कुठला ट्रक गेटातून आत आला, कुठला कंटेनर कुठे ठेवला, कुठला बाहेर गेला. रस्त्याच्या पलीकडे दुसरी एक कंपनी होती, ती नेमकं हेच बनवायची. उरणपासून तळोज्यापर्यंत त्याच यार्डांच्या दारात आमची आणि त्यांची माणसं एकमेकांची निंदा करत फिरायची. चहाची टपरी मात्र एकच. मग बाहेरून कुणीतरी मोठा आला, आमच्यापेक्षा स्वस्त, मोबाईलवर चालणारा, आणि दोघांचेही ग्राहक एकेक करून त्याच्याकडे गेले.

एका सोमवारी फाउंडरची मेल आली. दोन्ही कंपन्यांचं 'बरोबरीचं विलीनीकरण' होणार, ते स्वतः बाजूला होणार आणि नवे साहेब येणार. पलीकडच्या कंपनीचं मोठं ऑफिस हैदराबादला होतं. आमचा मजला राहणार की जाणार, याबद्दल मेलमध्ये चकार शब्द नव्हता. मेल मात्र दोन पानी होती आणि 'कुटुंब' हा शब्द तिच्यात जागोजागी होता.

माझी वाचायची सुरुवात पत्रकांवर झाली. वडील साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या बाजारात माथाडी. युनियनची पत्रकं घरात यायची, वाचून झाली की डब्याखाली अंथरली जायची. पत्रकाचा नियम मला शाळेआधीपासून पाठ आहे: पहिल्या ओळीत कोण, दुसऱ्या ओळीत काय केलं, तिसऱ्या ओळीत आपण काय करणार. कंपनीत मी टेस्टिंगला होते आणि उरलेल्या वेळात आयटीवाल्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. त्या मेलमध्ये 'कोण' नव्हतं आणि 'काय केलं' पण नव्हतं. 'निर्णय घेण्यात आला.' कुणी घेतला रे बाबांनो? आभाळातून पडला?

पण खरं सांगते, रागापेक्षा मला उत्सुकता जास्त होती. दोन कंपन्या एक होतात म्हणजे नेमकं काय होतं? दोन्हीकडे टेस्टिंग, दोन्हीकडे सपोर्ट. एका खुर्चीवर दोघं कसे बसणार? मी जो भेटेल त्याला विचारत सुटले. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "गेट एकच लागंल, एवढं मला कळतंय." त्यांना त्यांचं कळलं होतं.

सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागला होता ताईचा. ताई आमच्या सपोर्ट टीमची प्रमुख. कुठल्या यार्डात सिस्टीम बंद पडली आणि ट्रकांची रांग लागली, की फोन तिच्याकडे. घणसोली गावातली आगरी बाई. नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये, दोन मुलं इथल्या शाळेत, सासू घरात, वर भाड्याच्या खोल्या. मजला हैदराबादला गेला तर नोकरी गेली, इतकं सरळ होतं. चाळिशीनंतर पुन्हा सपोर्टची नोकरी शोधायची म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. "मी काय हैद्राबादला जानार हाय का?" ती म्हणायची. "कोन सांगेल तं बरं, राहनार का जानार. मंग मी माझं बगते."

त्या खोल्यांपैकी एक माझी. तिसऱ्या स्थळाला मी पोह्यांची बशी टेबलावर आपटल्यावर घरी जे झालं, त्यानंतर कोपरखैरण्याचं घर सोडून मी ताईच्या माडीवर राहायला आले होते. खोली देताना तिने ना पगार विचारला, ना जात. माझ्या सामानाकडे बघितलं आणि म्हणाली, "गॅस नाय आनलास?"

"इंडक्शन आहे."

"इंडक्शनवाली जास्त दिवस राहत नाय. सिलिंडर आनते ती राहते."

गावातल्या घरमालकांची ती रीत. नवी मुंबईसाठी शेतं गेली आणि खोल्या आल्या, तेव्हापासून तिथल्या बायका भाडेकरूच्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत, सामानाकडे देतात. गादी आणली का, मुलाची शाळा कुठे, गॅस कुणाच्या नावावर. 'मी कायमचाच राहणार' म्हणणारा एका बॅगेवर आला की त्या ओळखतात. मला तेव्हा हे भोचक वाटलं होतं.

मग आला तो शुक्रवार. दोन्ही टीमची ओळख करून द्यायला आमच्या कॅन्टीनमध्ये कार्यक्रम, आणि एचआरच्या मॅडमनी मागवले काय, तर कांदेपोहे! वर शेव, बाजूला लिंबाची फोड. आख्खा मजला फुटला. "साडी नेसून यायचं का?" "पत्रिका आणल्यात का त्यांनी?" "ए, मुलाकडचे आले रे, परफ्यूम मार."

हसण्यात मी पण होते, पण डोकं चालू होतं. मी तीनदा बसले आहे त्या पाटावर, मला विचारा. बरोबरी-बिरोबरी तोंडी असते. कोण कुणाच्या घरी आलं, बशी कुणी दिली, प्रश्न कुणी विचारले, त्यावरून मुलाकडचे कोण हे कळतं. इथे ते आमच्याकडे आले होते. पोहे आम्ही दिले. म्हणजे आम्ही मुलीकडचे! पत्रकाची पहिली ओळ माझ्या डोक्यात तयार झाली.

तेवढ्यात त्यांच्याकडची एक मुलगी, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच टेस्टिंगला, बशी घेऊन शेजारी आली. पोहे नुसते चिवडत होती. हळूच म्हणाली, "तुमची टीम मोठी आहे ना? आम्हाला ठेवाल का गं?"

"आम्ही ठेवणार?"

"आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. तुम्ही आम्हाला बघायला बोलावलंय."

मी तिला त्यांच्या मजल्यावर बिस्किटं कधी बंद झाली विचारलं. आमच्याही आधी! दोन्हीकडून मुलीच सजून बसल्या होत्या. मग मुलाकडचे होते कुठे? मी कॅन्टीनभर बघितलं. त्या खोलीत नव्हतेच.

नवे साहेब आले. गोल चेहरा, बाह्या दुमडलेल्या, नागपूरचे. मराठीत बोलले आणि निम्मे लोक तिथेच विरघळले. "काही घाबरू नका न जी. मी तुमच्यासाठीच आलो. आता आपण इथूनच मोठे होऊ." टाळ्या पडल्या. मी खिशातला कागद काढला. माझे प्रश्न तयार होते: कराराची प्रत कुठे आहे, छाटणीची यादी कोण करतंय, आम्हाला विचारलं का नाही. मी उभी राहणार, तेवढ्यात ताईने माझा हात दाबून मला खाली बसवलं आणि स्वतः बशी घेऊन साहेबांकडे गेली. मी मागोमाग.

"सर, पोहे घ्या अजून. जेवणाचे हाल होत असतील तुमचे."

"होतात ना ताई. गेस्ट हाऊसचं जेवण म्हणजे काय सांगू!"

"घर नाही बघितलं अजून? आमच्याकडे चांगली घरं आहेत. ऐरोली, घणसोली, पाहिजे तिथे."

"नाही, कंपनीने दिवाळीपर्यंत गेस्ट हाऊस दिलं आहे. कशाला घराचं झंझट."

"मुलं येतील ना पण. शाळा?"

"शाळा हैदराबादलाच. त्यांना कशाला हलवायचं?" असं म्हणून त्यांनी लिंबू पिळलं. पोह्यांची तारीफ केली.

ताई परत आली. तिचा चेहरा मुळीच बदलला नव्हता. लिफ्ट न घेता जिन्याने उतरली, मी तिच्यामागे. मधल्या मजल्यावर थांबून म्हणाली, "दिवालीपर्यंत हाय आपला मजला."

"असं कुठे म्हणाले ते?"

"बॅगेवर आलेला मानूस हाय गो तो."

मी पेटले. खाली टपरीवर उभ्याउभ्याच पत्रक लिहायला घेतलं. 'फसवणूक', 'विश्वासघात', 'गोड बोलून गळा', सगळं आलं त्यात. ताईने वाचलं आणि चहाचा ग्लास ठेवला. "यातलं काय खरं हाय, तुला माहीत हाय का?"

"तूच तर सांगितलंस!"

"मी वलखलं. वलखनं येगलं. त्याला इचार. सगल्यांनी इचारा."

वाद झाला आमचा. पत्रकात प्रश्न विचारायचा म्हणजे मला शरणागती वाटायची. आम्ही मागतो, विचारत नाही. पण खरं काय ते जाणून घ्यायची खाज मलाही होतीच. शेवटी अर्ध्या कागदाचं पत्रक निघालं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं:

'नवे साहेब, नवी मुंबईत घर बघितलंत का? बघितलं नसेल, तर का नाही, ते आम्हाला सांगा.'

टपरीवर दोन्ही कंपन्यांच्या लोकांना वाटलं. पलीकडच्या त्या टेस्टिंगवाल्या मुलीने स्वतःहून अजून झेरॉक्स काढल्या. आणि मग जे सुरू झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. लिफ्टमध्ये लोक साहेबांना प्रेमाने विचारायला लागले: "सर, घर मिळालं? आमच्या सोसायटीत एक रिकामं आहे." सिक्युरिटीवाल्या काकांचा मेहुणा एजंट निघाला, साहेबांच्या गाडीच्या वायपरखाली त्याचं कार्ड. कॅन्टीनवाला म्हणाला, "सर, टेन्शन नको, दिघ्याला पण बघू शकतो." कुणी आवाज चढवला नाही. साहेबांना रागवायलाही जागा नव्हती. घर बघितलं का, यात वाईट काय आहे?

शेवटी त्यांनी दोन्ही कंपन्यांना एकत्र बोलावलं. या वेळी पोहे नव्हते. दुमडलेल्या बाह्या सोडलेल्या होत्या. म्हणाले, "तुम्ही विचारून राहिले, तर सांगतो." दिवाळीनंतर दोन्ही मजले हैदराबादला न्यायचे, असंच ठरलं होतं. त्यांना पाठवलंच होतं त्यासाठी. पैसे लावणाऱ्यांनी ठरवलं होतं. आता मात्र, ते म्हणाले, यार्डांच्या माणसांशी ते स्वतः बोलले आहेत; गेटवर अडचण आली की तासाभरात दारात पोचेल असं कुणीतरी त्यांना जवळ हवंय, आणि हे त्यांनी वर पटवलंय. दोन्हीकडचा सपोर्ट इथेच राहील. बाकीच्यांनी हैदराबादला यावं, नाहीतर...

'नाहीतर'च्या पुढचं मॅडमनी सांगितलं.

यार्डवाल्यांमुळे हे बदललं, की रोज लिफ्टमध्ये घराबद्दल ऐकून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, की आधीपासून हेच ठरलं होतं आणि आमच्यावर उपकार म्हणून दाखवलं? मला अजून कळलेलं नाही. मी खूप विचारलं. ज्यांना माहीत आहे ते त्या खोलीत कधीच नव्हते. मी हैदराबादला गेले नाही. ती पलीकडची मुलगीही नाही. आता आम्ही दोघी संघटनेचं काम करतो आणि मिळेल तिथे टेस्टिंग.

दिवाळी झाली. ताई कामावर जात होती, पण साहेबांच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "काय म्हणतायत साहेब?" ती म्हणायची, "बोलतात चांगलं."

मग एकदा ती जिन्यातूनच हाका मारत वर आली. मी शेगडीवर भात ठेवला होता. सिलिंडर मी केव्हाच आणला होता.

"साहेबांनी घर घेतलं गो, ऐरोलीला!"

"त्यांनी सांगितलं?"

"छे. मला इचारत होते, गॅसचं कनेक्शन लवकर कुठं भेटतं."

ती दारातच टेकून बसली. कितीतरी दिवसांनी तिला अशी पाय पसरून बसलेली बघत होते.

"आणि मुलांची शाळा?" मी विचारलं.

"ते सोमवारी इचारते," ताई म्हणाली, आणि भात लागला का बघायला उठली.