एका घोट्याची खरी हकीकत

भोरच्या एसटी स्टँडसमोरील टपरीवर ही हकीकत तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकार खोटे आहेत. पहिल्या प्रकारात मी एका मुलीच्या मुरगळलेल्या पायावर लाथ मारतो. दुसऱ्यात माझी नात मला भर मैदानात रडवते. तिसऱ्यात माझा पाय लागताच ती मुलगी उठून धावू लागते. हा तिसरा प्रकार माझ्या बाजूचा आहे; तरीही तो खोटाच आहे, हे मला मान्य करावे लागते.

मी तीस वर्षे व्यायामशिक्षक होतो. निवृत्तीनंतर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना रोज सकाळी मैदानावर पळवतो. त्यांत भाटघरकडची एक मुलगी होती. आठशे मीटरमध्ये तिच्या जवळपास कोणी नव्हते. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती होती आणि मैदानी चाचणीला सात आठवडे उरले होते. त्या सकाळी मैदानावर आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाचा मांडव काढलेला होता. खांबांचे खड्डे मात्र कोणी बुजवले नव्हते. वळणावर तिचा पाय एका खड्ड्यात गेला, तळवा आत वळला आणि ती खाली बसली.

तिची आई बाजारात आली होती, ती धावत आली.

"सर, तुमी पायाळू हाय. लावा की पाय!"

पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या पायाला आमच्याकडे मान असतो. पाठीत उसण भरली की लोक माझ्यापुढे पालथे पडतात आणि मी त्यांच्या पाठीला पाय लावतो. परंतु माझा पाय पाठीसाठी आहे, घोट्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक होते. आईच्या समाधानासाठी मी केवळ अंगठा टेकवला. लाथ मारली नाही. खरी चूक त्यानंतर घडली आणि ती टपरीवर कोणीच सांगत नाही, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाने तीच केली असती. मी गरम तेल मागवले आणि आईला घोटा जोराने चोळायला सांगितले. दहा मिनिटांत घोटा भरताच्या वांग्याएवढा झाला.

तेवढ्यात माझी नात डबा घेऊन आली. ती पुण्यात खेळाडूंच्या दुखापतींचे शिक्षण घेते व सुट्टीला आली होती. तिने प्रथम आईचा हात बाजूला केला.

"आबा, हे चोळायला कोणी सांगितलं?"

"मी."

"आणि पायही लावलात?"

"अंगठा. फक्त अंगठा."

"बरं, म्हणजे गुन्हा तेवढा हलका."

"ताई, सरांना काय बोलू नगा," आई म्हणाली. "त्यांच्या पायानं माझ्या सासूची उसण गेली."

"ती पाठ होती, मावशी. इथं आत रक्त झिरपतंय. चोळलं की आणखी झिरपणार."

तिने घोट्याच्या हाडामागे आणि पायाच्या बाहेरच्या कडेला दाबून पाहिले, चार पावले टाकायला लावली. मुलीला दोनच टाकता आली. मग एक्स-रे झाला. हाड शाबूत होते. डॉक्टरांच्या मते बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला होता.

दुसऱ्या दिवशी अंगणात नातीने माझ्याच पायावर बॉलपेनने सारी हाडे रेखाटून त्या मायलेकींना समजावले. एका पावलात सव्वीस हाडे असतात आणि ती अशा अस्थिबंधांच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात.

"आबांचे तळवे तर सपाट आहेत. भरतीत पहिल्याच दिवशी बाद!"

"शिक्षकाला उभे राहायचे असते," मी बजावले. "उभे राहायला सपाटच बरा."

मग तिने जे सांगितले, ते मी आजवर कोणत्याही विद्यार्थ्याला सांगितलेले नव्हते. पहिल्या काही दिवसांची सूज म्हणजे शरीराने सुरू केलेली साफसफाई असते. पुढे नवे धागे तयार होतात, पण ते घायपाताच्या वाखासारखे कसेही पडलेले असतात. रोज मोजका ताण मिळाला, तरच त्यांचा दोर वळला जातो. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि खरा धोका तिथेच असतो.

नात पुण्याला परतली. जाताना कागदावर नियम लिहून गेली: दुखऱ्या पायावर डोळे मिटून अर्धे मिनिट उभे राहता येईपर्यंत धावणे नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "सर, आता दुखत न्हाई. पळू द्या."

आयुष्यभर मी अशा वेळी "पळ" म्हणालो होतो. मी तिला त्या पायावर उभे राहून डोळे मिटायला सांगितले आणि आकडे मोजू लागलो. नवाच्या अंकाला ती डगमगली.

"नाही," मी म्हणालो.

"तुमीच म्हनायचा, दुखणं डोक्यात असतं!"

"ते डोक्याबद्दल होते. हा घोटा आहे."

मैदानाच्या कठड्यावरून तिची आई ओरडली, "वय चाललंय पोरीचं, आन तुमी तिला बगळ्यागत हुबं करताय!"

हे सोपे आहे, असे दाखवण्यासाठी मी स्वतः डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो आणि चारच्या अंकाला धुळीत बसलो. डोळ्यांत माती गेली. मुलीने लावलेल्या व्हिडिओ कॉलवरून नात ओरडत होती, "आबा, तुम्ही भिंत धरून करा!" मी डोळे पुसत होतो, एवढेच लोकांनी पाहिले. रडण्याची कथा तिथून निघाली.

मुलगी दोन आठवडे माझ्याशी नीट बोलली नाही. पाचव्या आठवड्यात तिचे अर्धे मिनिट पुरे झाले. मग आधी सरळ पट्ट्यावर, नंतर वळणावर मी तिला सोडले.

चाचणीच्या दिवशी आम्हाला आत प्रवेश नव्हता. तिची आई आणि मी पुण्यात फाटकाबाहेर उभे होतो. मुलगी बाहेर आली, तेव्हा आईने तिचा चेहरा पाहिला. मी तिच्या टाचा पाहिल्या. दोन्ही सारख्या पडत होत्या.

"पूर्ण मार्क न्हाई मिळालं, सर. एक सेकंद जास्त लागला. पण लेखीला जाते मी."

तो सेकंद घोट्याचा नव्हता. शेवटच्या वळणावर तिने मागे वळून पाहिले असणार. मी आत नव्हतो, तरीही हे ठामपणे सांगतो.

आई माझ्याकडे वळली. "सर, त्या दोन आठवड्यांत पळू दिलं असतं, तर त्यो सेकंद..."

माझ्याआधी मुलगीच म्हणाली, "आये, तवा पळाले असते, तर आज आत कशाला गेले असते? हितंच हुबी असते, सरांसंगट, फाटक धरून."