अप्पांचा पाइप आणि वरची कोर्टं

चाकूरला आमच्या शेजारच्या अप्पांनी तीन मजली बंगला बांधला आणि गच्चीच्या पाण्याचा पाइप आमच्या अंगणात सोडला. अप्पा आडतीतले मोठे व्यापारी. कपाळावर भस्म, बोलणं मऊ. वडील गेल्यापासून आई घरी शिवणकाम करायची. पाऊस आला की धार थेट दारात पडायची आणि मशीनवरचे लोकांचे ब्लाऊज भिजायचे. आईनं खूपदा सांगून बघितलं. अप्पांचं एकच, "बघू की, वहिनी." शेवटी तिनं दावा टाकला.

गावच्या कोर्टानं पाइप काढायचा हुकूम दिला. आईनं पेढे वाटले, अप्पांच्या घरीसुद्धा. अप्पांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "झकास हाय. म्या अपिलात चाल्लोय."

अपील लातूरला. निकालाला स्थगिती मिळाली, पाइप जागच्या जागी राहिला.

पहिल्या तारखेला आई आणि मी रस्त्यावर उभे. अहमदपूरहून येणाऱ्या एस.टी. दारापर्यंत भरलेल्या. तेवढ्यात अप्पांची गाडी थांबली.

"वहिनी, एकाच ठिकाणी चाल्लोत. बसा की!"

आई अवघडली, पण मी दार उघडलंच. लातूर येईपर्यंत दोघांनी गाडीतच खटला चालवला. ड्रायव्हरनं गाणी बंद करून ऐकलं आणि मधेच बोलून गेला, "ताईंचं बराबर हाय."

"तू रस्ता बघ," अप्पा खेकसले.

कोर्टात मात्र काहीच झालं नाही. अप्पांचे मोठे वकील आजारी होते. पुढच्या वेळी ते लग्नाला गेले. असं कितीतरी वेळा. अप्पा त्या निमित्तानं लातूरच्या बाजारातली कामं उरकायचे, आईचा मात्र शिलाईचा दिवस बुडायचा. आमचे वकील म्हणाले, "ताई, त्यांना जिंकायची घाई न्हाई. तुम्ही दमायची वाट बघून राहिलेत."

परतताना आईनं गाडीतच विचारलं, "अप्पा, मी दमावं म्हणून चाललंय का हे?"

अप्पा कसनुसे झाले. "वकील सांगतो तसं करतो, वहिनी," म्हणत त्यांनी भज्यांचा पुडा पुढं केला. आईनं भजी घेतली. भूक लागली होती.

लातूरलाही आईच जिंकली. त्या दिवशी परतताना गाडीत अप्पाच म्हणाले, "आता संभाजीनगर. वर दिल्ली हायच."

"दिल्लीपर्यंत गाडीत जागा हाय का?" आईनं विचारलं.

अप्पा ठसका लागेपर्यंत हसले. आई हसली नाही. हायकोर्टात वेगळा वकील लागेल आणि त्याची फी आपल्याला झेपणारी नाही, हे आमच्या वकिलांनी तिला आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती अप्पांच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "पाइप राहू द्या. खाली हौद बांधा अन् माझ्या दारावर पत्रे टाका. तुमच्या खर्चानं."

अप्पा लगेच कबूल झाले. त्यांच्या वकिलाच्या एका तारखेपेक्षा हे स्वस्तच असणार. गवंडी आले, हौद झाला, कोर्टात तडजोडीचा कागद गेला.

मी चिडलो. "दोन-दोन जज म्हणाले पाइप काढा, आणि तू हौद मागतेस?"

"त्यांच्यावर आणखी दोन कोर्टं हायती," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "तिथवर अप्पा गाडीत जातील. मी कशात जाऊ?"

बरेच दिवस मी अप्पांशी बोललो नाही. आई मात्र हसून बोलायची, आणि मला जास्त राग त्याचाच यायचा.