मोळीताईचं सहावं सेमिस्टर

मोळीताईवर अन्याय झाला तो गेल्या डिसेंबरात, विषय भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता, कॉलेजच्या दोन नंबरच्या खिडकीवर. वेळ मला पक्की ठाऊक आहे. मी तिच्या मागेच उभी होते.

जव्हारच्या होस्टेलात ती माझ्या खोलीत होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मधली दोन वर्षं आईबापाबरोबर वीटभट्टीवर काढून शिकायला परत आलेली. नवी मुलगी आली, की ताई तिला समोर बसवायची. "लाकडाची मोळी कवा बांधलीयस ना? तं सांग, आधी लाकडं बघतेस का चढ?" मुलगी हसायची. ताई हसायची नाही. "आधी चढ बघायचा. मंग लाकडं." यावरूनच तिचं नाव पडलं.

हा चढ कॉलेजची माहितीपुस्तिका छापणाऱ्यांना अजून दिसलेला नाही. ते विचारतात, आवड कशाची? ताई विचारायची, गाव कुठलं, शेवटची एसटी किती वाजता, दिवाळीनंतर घरी कोण असतं? आमच्याकडे जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा मजुरी सोडून वर्गात कोण बसणार? दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर जातात आणि मोठी मुलगी धाकट्यांची आई होते. म्हणून जड विषय पावसाळ्यातल्या सत्रात, आवणी आटोपली की धरायचे. दिवाळीनंतरच्या सत्रात हलके. तीननंतर प्रॅक्टिकल असलेला विषय मोखाड्याकडून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलीनं घ्यायचाच नाही. हे सगळं तिनं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आखून भिंतीला लावलं होतं.

मी स्वतःला शहाणी समजायचे. पहिल्याच वर्षी जादाचे दोन कोर्स घेतले. फुकट होते ना! फुकट मिळणारं सोडून द्यायला आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. ताईनं यादी वाचली. "आणि घाटात मोळी खाली टाकशील तं कोण उचलून देल?"

"ताई, तू जळतेस माझ्यावर."

"जळते तं जळते. दोन उतरव."

मी उतरवले नाहीत. मुख्य विषयातच नापास झाले. ताईनं माझी पुढची तीन सत्रं नव्यानं आखून दिली आणि तेवढ्या वेळात चहा मात्र मलाच करायला लावला.

मोळी एकटीला बांधता येते, पण डोक्यावर द्यायला दुसरी बाई लागते, असं ती म्हणायची. म्हणून फॉर्मच्या दिवसांत प्रत्येकीबरोबर खिडकीपर्यंत जायची. तिथला बाबू चिडवायचा, "आल्या का सल्लागार!"

"आले ना, तुमचं काम कमी करायला."

गेल्या हिवाळ्यात तिच्या आईची कंबर गेली. आई अंथरुणावर, पाच सत्रं पास, एकच उरलेलं. ताईनं स्वतःचा चढ बघितला: आत्ता तीनच विषय, सोमवार ते बुधवार कॉलेज, बाकी दिवस आईजवळ, उरलेले विषय पुढच्या वर्षी. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट खात्यात राहतात, उरलेले नंतर पूर्ण करता येतात, असं पुस्तिकेतच छापलं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारून ती खिडकीवर गेली.

"तीनच विषय भरायचेत, सर."

"संगणक घेत नाही. पूर्ण भरा, नाहीतर सोडा."

"इथं छापलंय."

"ते पुस्तकातलं. संगणकात नाही."

"मंग साहेबांना विचारा."

"साहेब मीटिंगला गेलेत. आणि मागं रांग आहे, दिसतंय ना?"

रांग म्हणताना त्यानं बोट माझ्याकडे केलं. ताईनं वळून माझ्याकडे बघितलं. 'आम्ही थांबतो' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण खिडकी चारला बंद होणार होती आणि माझा फॉर्म माझ्या हातातच होता. पत्रकं लिहिणारी, मोर्चात सगळ्यांत पुढे ओरडणारी मी, माझ्याच चपलांकडे बघत राहिले.

तिनं पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. "तुला लागंल," म्हणाली, आणि मोखाड्याची जीप पकडायला निघून गेली. मी माझा फॉर्म भरला. सगळे विषय, सगळे रकाने.

आता ती गावी आईचं करते, मिळेल तेव्हा मजुरीला जाते. मध्येच फोन करून विचारते, "तुझे किती उरले गं?" त्या दुपारबद्दल तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी कॉलेजला तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर: कार्यवाही सुरू आहे. कुठे सुरू आहे? कोण करतंय?

या डिसेंबरात पुन्हा विषय भरायचे आहेत. ताई येते म्हणालीय. तेच तीन विषय, तीच पुस्तिका. तुम्ही हे वाचताय, म्हणजे कधीतरी अशाच खिडकीसमोर उभे राहून तुम्ही तुमची पदवी घेतलीत. तर शेवटच्या दिवशी तीन वाजता दोन नंबरच्या खिडकीवर या. बाबू 'घेत नाही' म्हणाला, की त्याला सांगा, लिहून द्या. तो रांगेकडे बोट करील. तेव्हा चपलांकडे बघू नका. मोठ्यानं म्हणा, आम्ही थांबतो. आणि थांबा.